अंगदेशाचा मुकुट आणि भाऊसिंगजी रोडवरचा चहा

मैत्रीसाठी जीव देणारा मित्र म्हटलं की मराठी वाचकाला कर्ण आठवतो. यात मोठा वाटा आजऱ्यात जन्मलेल्या शिवाजी सावंतांचा आहे. कोल्हापुरात शाळेत नोकरी करता करता त्यांनी ‘मृत्युंजय’ लिहिली. १९६७ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम सत्तावीस. कादंबरीत कर्णासोबत कुंती, वृषाली, शोण, श्रीकृष्ण आणि दुर्योधनही आपापली बाजू सांगतात. त्यामुळे ही मैत्री देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, अशा दोघांच्याही नजरेतून बघता येते.

मूळ प्रसंग महाभारतातला. भर आखाड्यात कर्ण अर्जुनाला आव्हान देतो आणि कृपाचार्य त्याचं कूळ विचारतात. सूतपुत्राची मान खाली जाते. दुर्योधन तिथल्या तिथे त्याला अंगदेशाचा राजा करतो. बदल्यात काय देऊ, असं कर्ण विचारतो. दुर्योधन फक्त मैत्री मागतो.

मागणं साधं वाटतं, पण ते कधीच फिटत नाही. राज्य घेतलं असतं तर परत करता आलं असतं; भरसभेत वाचवलेली अब्रू कशी परत करणार? शिवाय दुर्योधनाला अर्जुनाच्या तोडीचा धनुर्धर हवाच होता. त्याची माया खोटी होती असं नाही, पण त्या मायेला गरजेचं अस्तर होतं. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना होते तेव्हा कर्ण मित्राला आवरत नाही, उलट स्वतःच तिला घालूनपाडून बोलतो. पुढे कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो, थोरला पांडव म्हणून राज्य देऊ करतो. कर्ण नकार देतो आणि एक विनंती करतो: हे युधिष्ठिराला सांगू नकोस. तो राज्य माझ्या स्वाधीन करेल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकेन. दुर्योधनाची बाजू चुकीची आहे, हे कर्णाला पक्कं ठाऊक होतं. तरी तो त्याच बाजूने लढला आणि मेला.

‘मृत्युंजय’ जिथे लिहिली गेली, त्याच शहरात अशाच विषम नात्याची एक खरी गोष्ट आहे. गंगाराम कांबळे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. मराठा नोकरांच्या हौदातल्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना स्वतः फटके दिले, असं सांगतात.

राजाची माया कितीही खरी असली तरी राजा परगावी गेला की तिचा उपयोग संपतो, हे या प्रसंगात उघडं पडलं. पाठीशी कुणीतरी मोठा उभा आहे, एवढ्यावर माणूस सुरक्षित होत नाही.

महाराजांनी पुढे जे केलं ते मला फटक्यांपेक्षा मोठं वाटतं. त्यांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल उघडलं. दलिताच्या हातचा चहा प्यायला सवर्ण येईनात, तेव्हा छत्रपती स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले. सोबतच्या बड्या मंडळींनाही तोच चहा घ्यावा लागे. चारचौघांत मान दुर्योधनानेही दिला होता. फरक असा, की कर्ण मुकुट घेऊन दुर्योधनाच्या पदरी बांधला गेला, तर गंगाराम राजाच्या नोकरीतून मोकळे होऊन आपल्या गल्ल्यावर बसले.

पुढे १९१९ मध्ये संस्थानात हुकूम निघाले: सार्वजनिक इमारती, शाळा, दवाखाने इथे अस्पृश्यता पाळायची नाही. आता संरक्षण राजाच्या मर्जीपुरतं राहिलं नाही, निदान कागदावर तरी. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी आणखी एक पाऊल टाकलं. डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवून ते जमलेल्या लोकांना म्हणाले, की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. आपल्यावाचून यांचं चालावं, अशी इच्छा धरणारा पाठीराखा विरळाच. दुर्योधनाला कर्णाबद्दल असं कधीच म्हणता आलं नसतं.

म्हणून कर्णावर जीव असला तरी त्याच्या निष्ठेचा आदर्श जपून घ्यावा. अडचणीत कुणी फी भरतो, कुणी नोकरीला लावतो, कुणी आपल्यासाठी भांडतो. त्याचे उपकार आठवावेतच. पण नंतर त्याला ‘तू चुकतोयस’ असं म्हणायची सोय उरते का, हे पाहावं. मदत करणारे आपण असलो, तर ती सोय आपणच ठेवायची असते.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. १९२५ मध्ये गंगाराम कांबळ्यांनी पुढाकार घेऊन कोल्हापुरात त्यांचं पहिलं स्मारक उभारलं. तेव्हा महाराजांकडून मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि कुणी काही मागितलंही नव्हतं.