बिझनेस क्लास, जेआरडी आणि आपली सिद्धेश्वर

टॉवेलच्या धंद्यातला माझा एक मित्र दर जानेवारीत फ्रँकफर्टच्या 'हाइमटेक्स्टाइल' प्रदर्शनाला जातो. चहाच्या बिलावरून घासाघीस करणारा हा गडी विमानाचं तिकीट मात्र बिझनेस क्लासचं काढतो, आणि तेही ठरलेल्या एकाच कंपनीचं. कारण विचारलं तर म्हणाला, "आडवं व्हायला मिळतं. उतरलो की थेट स्टॉलवर. अन् वेळ चुकत नाही बघ."

म्हणजे जेवणबिवण नंतर. आधी झोप आणि भरवसा.

हा भरवसा एकेकाळी एअर इंडियाने कमावला होता. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. कंपनी नवखी, समोर गोऱ्यांच्या तगड्या कंपन्या. पैशात त्यांना गाठणं अवघड, म्हणून जेआरडी टाटांनी सेवेवर जोर दिला. १९५३ ला सरकारने कंपनी ताब्यात घेतली तरी अध्यक्ष तेच राहिले. स्वतः प्रवासी म्हणून बसायचे आणि टिपणं काढायचे: खुर्चीची पाठ किती मागे जाते, चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो. (आमच्या एसटी कँटीनला असा एखादा अध्यक्ष द्या राव!) १९६० ला बोइंग ७०७ आलं, दोन वर्षांत सगळा ताफा जेटचा झाला. १९७८ ला मोरारजी सरकारने जेआरडींना दूर केलं. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परत आली खरी, पण तोवर लांबचे कितीतरी प्रवासी दुबई-दोह्याच्या वाटेला लागले होते.

जेआरडींनी कराचीहून टपालाचं पहिलं विमान आणलं ती तारीख १५ ऑक्टोबर १९३२. आपलं सोलापूर-मुंबई विमानही १५ ऑक्टोबरलाच सुरू झालं, २०२५ मध्ये. याच विमानसेवेच्या वादात जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पडली आणि गावात दोन तट पडले, ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

मित्राला विचारलं, "आता मुंबईपर्यंत होटगी रोडवरूनच उडणार ना?"

"नाही रे. किंगफिशर आली अन् गेली, विसरलास का? इथलं विमान एक दिवस रद्द झालं तर पुढचं फ्रँकफर्टचं बुडतं. एक-दोन वर्षं नेमानं उडू दे, मग बघू."

यंदाही त्याने सिद्धेश्वर एक्स्प्रेसचा खालचा बर्थ काढलाय.