रात्र कोणी मोजली?

पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात एक संग्रहालय आहे. काचेच्या कपाटांत तिथे मेणाच्या हजारो प्रतिकृती मांडल्या आहेत. कुठे हात, कुठे पोटरी, कुठे तान्ह्या बाळाचा गाल, आणि प्रत्येकावर कुठला ना कुठला त्वचारोग. त्या घडवणारा ज्यूल बारेता मूळचा कागदाच्या लगद्याची फळं करून विकणारा कारागीर. तिथल्या एका डॉक्टरांनी त्याची फळं पाहिली आणि १८६०च्या दशकात त्याला रुग्णालयात आणलं. रोग्याच्या अंगावरून साचा घ्यायचा, मेण ओतायचं, मग रंग चढवायचे. १८८९ साली त्वचारोगतज्ज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती याच संग्रहालयाच्या दालनात. जगभरच्या डॉक्टरांनी तिथे इसब पाहिला: लाल, पाझरणारा, खपल्या धरलेला. त्याची खाज मात्र मेणात उतरवता येण्यासारखी नव्हती, आणि खाजेने जाळलेली रात्रही नव्हती.

मी परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं सांगली जिल्ह्यात गेली आणि त्यातली बरीचशी लहान मुलांच्या वॉर्डात, रात्रपाळीला. इसबाचं पोर सकाळच्या राउंडला गाढ झोपलेलं असतं, कारण रात्रभर ते जागं असतं. डॉक्टर चादर बाजूला करून चट्टे पाहतात, कागदावर ‘सुधारणा’ लिहितात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. त्याच चादरीवरचे रक्ताचे बारीक ठिपके मी पहाटे पाहिलेले असतात. अंधारात ती खाजवण्याची खरखर कुठल्या कॉटवरून येते आहे, हे मला दिवा न लावता कळायचं. पुस्तकांत इसबाचा इतिहास असतो तो त्वचेचा. मला तो रात्रीच्या बाजूने सांगायचा आहे.

फार मोठ्या काळापर्यंत या रात्रीवर मुख्य उपाय होता, हात बांधणं. युरोपात तान्ह्या मुलांच्या गालांवरच्या आणि डोक्यावरच्या खवड्यांना दुधाचे खवडे म्हणत आणि ते सुकवू नयेत असं चांगले शिकलेले डॉक्टरसुद्धा सांगत. शरीरातली घाण त्या वाटेने बाहेर पडते आहे. वाट बंद केली तर ती आत वळेल, मेंदूत जाईल, फुप्फुसात जाईल, ही समजूत एकोणिसावं शतक सरत आलं तरी पुरती गेली नव्हती. आता रोगावर औषध करायचं नाही आणि मुलाने खाजवायचं तर नाही, म्हटल्यावर उरतं काय? पुठ्ठ्याच्या नळ्या करून कोपरांवर चढवत, म्हणजे हात वाकणार नाही. तोंडाला डोळ्यांपुरती भोकं ठेवलेला मलमलीचा मुखवटा बांधत. बाह्या सेफ्टी पिनांनी गादीला टाचत. विसाव्या शतकातही हे प्रकार चालू होते.

आपल्याकडे पुठ्ठा नव्हता, पण युक्ती तीच. झबल्याच्या बाह्या लांब ठेवून पुढून शिवून टाकायच्या, किंवा हाताला मऊ फडकं गुंडाळायचं. वॉर्डात आम्ही रोलर बँडेज वापरायचो. जत भागातून आलेली एक आजी अजून डोळ्यांपुढे आहे. नातीच्या कॉटशी उभी राहून ती म्हणाली होती, “सिस्टर, पोरीचं हात बांधा की वो. न्हाईतर रगात काढतीया बघा.” मुलगी दोनेक वर्षांची असेल. हात बांधल्यावर तिने गाल उशीवर घासले, मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासायला लागली. खाज हातात नसतेच.

तरी त्या आजीला किंवा त्या जुन्या डॉक्टरांना मी निर्दय म्हणणार नाही. प्रतिजैविकं येण्यापूर्वी नखाने उघडी पडलेली त्वचा मुलाच्या जिवावर बेतू शकत होती. व्हिएन्नाच्या मोरित्झ कापोसींनी १८८७ साली इसबाच्या मुलांच्या अंगावर अचानक पसरणाऱ्या फोडांचं वर्णन केलं. पुढे कळलं की तो नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पिस विषाणूचा हल्ला. देवीच्या लसीचीही तीच गत. देवी टोचल्यावर फोडाला हात लावू देऊ नये, असं घरोघरी म्हणत. इसब असलेल्या मुलाच्या बाबतीत तो सल्ला अक्षरशः जीव वाचवणारा होता, कारण लसीतला विषाणू नखांवाटे चट्ट्यांवर गेला तर अंगभर पसरे. म्हणून तर पुढे इसबाच्या मुलांना ही लस टाळायला सांगत.

पण बांधलेल्या हातांनी झोप येत नाही. सँ-लुई रुग्णालयातल्याच एर्नेस्त बेनिये या डॉक्टरांनी १८९२ साली मांडलं की या रोगात चट्टा आधी आणि खाज नंतर असं नसतं. खाज आधी येते. हीच मुलं पुढे दम्याने, वाहत्या सर्दीने बेजार होतात आणि घराण्यात ते चालत येतं, हेही त्यांनी जोडून दाखवलं. चार पावलांवर बारेताची मेणाची कपाटं असताना एक माणूस म्हणतो, जे दिसत नाही तिथून सुरुवात करा. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा वाटतो तो हा क्षण. आयांना तर ते ठाऊकच होतं. ‘काहीच दिसत नव्हतं हो, नुसतं खाजवत होता, सकाळी उठून बघते तर लालभडक,’ हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की केसपेपरवर छापून ठेवावं.

रात्रीच का? संध्याकाळनंतर शरीर आतली उष्णता बाहेर टाकू लागतं, त्वचेकडे रक्त जास्त जातं, ती तापते. त्वचेतून पाणीही रात्री जास्त उडतं. आणि दाह आवरणारं शरीरातलं कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. दिवसा खेळात विसरलेली खाज अंथरुणात एकटी गाठते. हे मोजायला मात्र १९७०चं दशक उजाडावं लागलं. एडिंबरात सॅविन आणि झोपेचे अभ्यासक ऑस्वल्ड यांनी रुग्णांना रात्रभर यंत्रांना जोडून ठेवलं आणि १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की माणूस खऱ्या झोपेतही खाजवतो, उथळ झोपेत सर्वांत जास्त, गाढ झोपेत कमी. दोन वर्षांनी न्यूकॅसलच्या फेलिक्स आणि शुस्टर यांनी अंथरुणातल्या हातापायांच्या हालचाली मोजून खाजेचं माप काढलं. झोपेत खाजवणाऱ्या मुलाला ‘मुद्दाम करतोस’ म्हणून चापट मारणाऱ्या बापाला मी हे प्रयोग सांगत असे. ऐकून तो वरमायचा.

घरांनी मात्र मोजमापाची वाट पाहिली नव्हती. माझ्या सासूबाई शतधौत घृत करत. चरकसंहितेतही त्याचा उल्लेख आहे, आगीवर, दाहावर लावायला म्हणून. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, वर गार पाणी, आणि तळहाताने गोल गोल फेसायचं. पाणी ढवळं झालं की ओतून टाकायचं आणि नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. मोजणी चुकू नये म्हणून त्या दर धुण्याला जोंधळ्याचा एकेक दाणा वाटीत टाकायच्या. विसाव्या-पंचविसाव्या धुण्यापर्यंत तुपाचा रवाळपणा जातो, पिवळा रंग उतरतो. पुढे वास जातो. शेवटी परातीत उरतं ते पांढरंशुभ्र, हलकं, तुपापेक्षा आकाराने जास्त भरणारं काहीतरी, कारण तुपाने पाणी पोटात धरून ठेवलेलं असतं. बोटाला गार लागतं. रात्री ते कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत लावून वर मामंजींच्या विरलेल्या धोतराची पट्टी बांधायची. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुताइतकं सुखाचं कापड बाजारात मिळत नाही. फुटलेल्या, पाझरणाऱ्या त्वचेवर मात्र मी आज तूप लावू देणार नाही, कारण त्वचेच्या भेगांतून खाण्यातली प्रथिनं शिरली तर त्यांचं वावडं निर्माण होऊ शकतं, असं आता दिसलं आहे. पण चरबीत पाणी कोंडून ते त्वचेवर ठेवायचं, ही त्यातली समज पक्की होती.

त्याच समजेवर दुसऱ्या शतकात रोमच्या गॅलेननी मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटलं. १८७२ साली अमेरिकेत चेसब्रोंनी व्हॅसलीनचं पेटंट घेतलं, दहा वर्षांनी जर्मनीत मेंढीच्या लोकरीतली चरबी शुद्ध करून लॅनोलिन आलं. हॅम्बुर्गच्या पाउल उन्ना यांनी जस्ताच्या लेपांच्या पट्ट्या रूढ केल्या. आमच्या वॉर्डातलं जस्ताचं पांढरं मलम त्याच घराण्यातलं. बरणीत ते इतकं घट्ट व्हायचं की चमच्याने कोरून काढावं लागे, पण एकदा बसलं की सकाळपर्यंत हलत नसे.

मग १९४०च्या दशकात झोपेची सिरपं आली. फ्रान्समध्ये तयार झालेलं प्रोमेथाझिन हे अँटीहिस्टॅमिन त्यांतलं सर्वांत लाडकं. चमचाभर दिलं की पोर पेंगतं, आई पाठ टेकते. एका थकलेल्या घरात त्या चमच्याची किंमत मी जाणते. पण १९८३ साली न्यूकॅसलमध्येच दिसून आलं की गुंगी न आणणाऱ्या अँटीहिस्टॅमिनने ही खाज हटत नाही. फरक पडतो तो गुंगीमुळे. २००४ साली अमेरिकेत ठळक इशारा दिला गेला की दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये, श्वास मंदावू शकतो. आपल्याकडे मात्र अजून कुणीतरी शेजारीण ‘माझ्याकडे उरलंय थोडं’ म्हणत बाटली पुढे करते. ती घेऊ नका.

खरा पालट झाला १९५२ साली. न्यूयॉर्कच्या मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोन मलमातून लावलं आणि इसब शमला. आत धुमसणारा दाहच विझवता येतो म्हटल्यावर हात बांधायचं कारण उरलं नाही. पण आपल्याकडे या शोधाची दोन टोकं झाली. एकीकडे जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये कोंबून कुणालाही, कशावरही विकली जाऊ लागली. चेहरे खराब झाले, त्वचा कागदासारखी पातळ झाली. त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठवला आणि २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीवरच देण्याच्या यादीत आणली. दुसरीकडे त्याच धास्तीने समंजस आया डॉक्टरांनी मोजून दिलेलं सौम्य मलमही कपाटात ठेवून देतात आणि मूल रात्रभर रक्त काढतं. मला या दुसऱ्या टोकाचं जास्त वाईट वाटतं, कारण तिथे औषध हाताशी असतं.

ओल्या पट्ट्या मी नोकरीच्या उत्तरार्धात शिकले. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९१ साली ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली होती. झोपायच्या आधी कोमट पाण्याने आंघोळ, टॉवेलने नुसतं टिपायचं, घासायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मलम पातळ थरात. त्यावर कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं नळीसारखं सुती कापड हातापायांवर चढवायचं आणि लगेच दुसरा कोरडा थर. पाणी हळूहळू उडतं, त्वचा गार राहते, नख कापडावर अडतं. पहिल्यांदा बांधताना मूल किंचाळतं. पंधरा मिनिटांनी कॉटवरचे हात सैल पडलेले दिसतात. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या रात्रींपुरतंच करायचं, आणि त्वचेत पू असेल तर नाहीच.

२००६ साली स्कॉटलंडच्या डंडी इथल्या अर्विन मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फिलाग्रिन या त्वचेतल्या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसबाचा धोका वाढतो. म्हणजे पाणी धरून ठेवणारी भिंतच काहींची जन्मतः कच्ची. आईच्या खाण्यापिण्याला, दृष्टीला, ग्रहणाला दोष देणाऱ्या घरांत ही एक माहिती फार कामाची आहे.

आणि रात्र? १९९३ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी इसबाची तीव्रता मोजायला ‘स्कोराड’ नावाचं कोष्टक केलं. त्यात चट्ट्यांच्या जोडीला खाज आणि गेलेली झोप यांना शून्य ते दहा गुण आले. २००४ साली नॉटिंगहॅमहून ‘पोएम’ आलं: सात साधे प्रश्न, उत्तरं रुग्णाने किंवा आईने द्यायची, आणि त्यांतला एक असा की गेल्या आठवड्यात इसबामुळे किती रात्री झोपमोड झाली. नॉटिंगहॅमच्याच संशोधकांनी मऊ केलेलं पाणी ३३६ मुलांवर आणि रेशमी कपडे ३०० मुलांवर तपासले. दोन्हींचा नेहमीच्या उपचारांपलीकडे उपयोग दिसला नाही. महागडी यंत्रं आणि रेशमी झबली घ्यायला कर्ज काढू पाहणाऱ्या आईबापांना मी हे आकडे सांगते.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत माझ्या हाताखाली आलेल्या नव्या मुलींना मी एक सवय लावली. इसबाचं मूल ओपीडीत आलं की कपडे उतरवण्याआधी आईला विचारायचं, गेल्या सात रात्रींत किती वेळा उठलात? जो आकडा येईल तो केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ठळक लिहायचा, म्हणजे डॉक्टरांची नजर त्वचेआधी त्यावर जाते. पुढच्या भेटीला तोच प्रश्न, आणि आकडा खाली आला नसेल तर चट्टे कितीही फिकट दिसोत, औषध पुन्हा पाहायचं.