मोआबचा ढीग

आज आपण अमेरिकेतल्या युटा राज्यात, मोआब गावाला जाऊ. १९५२ मध्ये चार्ली स्टीन या भूशास्त्रज्ञाला त्या परिसरात युरेनियमचा मोठा साठा सापडला. १९५६ मध्ये कोलोरॅडो नदीकाठी खनिजातून युरेनियम काढणारा कारखाना उभा राहिला आणि १९८४ मध्ये बंद पडला. मागे उरला सुमारे एक कोटी साठ लाख टन किरणोत्सारी गाळ, नदीपासून जेमतेम साडेसातशे फुटांवर, तळाला अस्तर न घालता रचलेला.

युरेनियम म्हटले की आपण दचकतो. पण विंधणविहिरींतल्या पाण्याने आधी बोट दाखवले ते अमोनियाकडे. खनिजप्रक्रियेतला हा अमोनिया भूजलातून नदीत झिरपत होता आणि काठच्या संथ पाण्यात वाढणाऱ्या दुर्मीळ माशांच्या पिल्लांना तो घातक होता. २००३ पासून दूषित भूजल उपसले जाऊ लागले. पुढे काठालगत जमिनीत स्वच्छ पाणीही सोडले गेले.

कंपनीने १९९८ मध्येच दिवाळे काढले होते, त्यामुळे खर्च सरकारवर, म्हणजे करदात्यांवर आला. ढीग जागेवरच झाकणे स्वस्त पडले असते. पण नदी आपले पात्र बदलते, आणि खाली कोट्यवधी लोक तिचे पाणी पितात. २००५ मध्ये गाळ हलवायचे ठरले. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. २००९ पासून तो रेल्वेने सुमारे ४८ किलोमीटरवरच्या क्रेसेंट जंक्शनला नेऊन पुरला जाऊ लागला.

कारखाना चालला २८ वर्षे. तो बंद पडल्यावर गाळाची पहिली गाडी सुटायला २५ वर्षे लागली.