गालिच्याखालचे गणित

उद्योगाने 'हरित' होणे म्हणजे नेमके काय, याचा शोध घेताना अभ्यासक हटकून एका गालिचा बनविणाऱ्या कंपनीपाशी येऊन थांबतात. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात रे अँडरसन यांनी १९७३ साली स्थापन केलेली ही 'इंटरफेस' कंपनी. कार्यालयांतील जमिनींवर बसविण्याचे चौकोनी गालिचे, म्हणजेच 'कार्पेट टाइल्स', हे तिचे उत्पादन. त्याचा धागा नायलॉनचा, म्हणजे मूळ खनिज तेलाचा. कारखाने चालविणारी ऊर्जाही बहुतांशी तशीच. पर्यावरणाशी वैर असणाऱ्या उद्योगांच्या यादीत ती सहज शोभली असती.

१९९४च्या सुमारास ग्राहक विचारू लागले, 'पर्यावरणासाठी तुम्ही काय करता?' कायद्याचे पालन करतो, यापलीकडे कंपनीपाशी उत्तर नव्हते. त्याच सुमारास पॉल हॉकेन यांचे 'द इकॉलॉजी ऑफ कॉमर्स' हे पुस्तक अँडरसन यांच्या हाती पडले आणि आपला व्यवसाय निसर्गाची लूट करीत आहे, अशी जाहीर कबुली या उद्योगपतीने दिली. पुढे २०२०पर्यंत कंपनीचा पर्यावरणावरील दुष्परिणाम शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले.

आवारात चार झाडे लावून आणि कागद दोन्ही बाजूंनी वापरून हे साधणारे नव्हते. सुरुवात झाली ती अपव्यय शोधण्यापासून. कंपनीच्या शांघाय येथील कारखान्यातील पंपांचे उदाहरण अभियंत्यांमध्ये आजही सांगितले जाते. मूळ आराखड्यात पंपांसाठी ९५ अश्वशक्ती लागणार होती. यान स्किलहॅम या अभियंत्याने दोनच बदल केले. नळ अधिक रुंद घेतले आणि आधी नळांची सरळ, आखूड मांडणी ठरवून मग यंत्रांच्या जागा निश्चित केल्या. नळाचा व्यास वाढला की घर्षण झपाट्याने घटते. गरज ७ अश्वशक्तीवर आली. रुंद नळ महाग पडतात हे खरे. पण पंप, मोटारी आणि विद्युत उपकरणे लहान झाल्याने होणारी बचत प्रचलित हिशेबात धरलीच जात नव्हती. नवे तंत्रज्ञान यात काहीच नव्हते.

दुसरा बदल रचनेतला. जंगलातील जमिनीवर पानांचे कोणतेही दोन तुकडे सारखे नसतात, तरीही एकूण दृश्य सुसंगत दिसते. या निरीक्षणावरून २००० साली 'एंट्रॉपी' ही मालिका आली. तिच्यातील टाइल्स कशाही दिशेने बसविता येतात, त्यामुळे बसविताना वाया जाणारे तुकडे घटले आणि एखादी खराब झाली तर तेवढीच बदलता येऊ लागली. गोधडी शिवणाऱ्या आपल्याकडच्या आजींना यात नवल वाटले नसते!

सर्वच प्रयोग मात्र फळाला आले नाहीत. गालिचा विकायचाच नाही, तो भाड्याने द्यायचा आणि झिजल्यावर परत घेऊन त्याचा पुनर्वापर करायचा, ही कल्पना कागदावर अत्यंत आकर्षक होती. प्रत्यक्षात ग्राहक मिळणे कठीण गेले. गालिच्याची खरेदी भांडवली खर्चात आणि देखभाल चालू खर्चात मांडण्याची कंपन्यांची पद्धत आडवी आली. पर्यावरणाचा मार्ग कित्येकदा असा हिशेबनिसाच्या टेबलावर अडतो.

अँडरसन यांचे २०११ मध्ये निधन झाले. उद्दिष्ट गाठल्याचे कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केले. गालिच्यांच्या कारखान्यांतील हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९६च्या तुलनेत ९६ टक्क्यांनी घटल्याचा तिचा दावा आहे. परंतु हा आकडा कारखान्याच्या भिंतींच्या आतला. गालिच्याच्या कार्बनभाराचा मोठा हिस्सा येतो तो कच्च्या मालातून, विशेषतः धाग्यातून. तो एवढ्या प्रमाणात घटलेला नाही. उरलेल्या भाराची भरपाई कंपनी कार्बन क्रेडिट विकत घेऊन करीत होती. २०२४ मध्ये तिने ही खरेदी थांबविण्याचा निर्णय घेतला आणि क्रेडिटविना २०४०पर्यंत 'कार्बन ऋण' होण्याचे नवे लक्ष्य ठेवले. 'कार्बन न्यूट्रल' ही मिरवता येणारी पाटी उतरवून ठेवणे हे या कंपनीने उचललेल्या पावलांपैकी बहुधा सर्वांत प्रामाणिक पाऊल ठरावे.

भारतात अशा दाव्यांची तपासणी वाचकाला काही अंशी स्वतःच करता येते. बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना 'सेबी'ने २०२२-२३पासून शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक केले. त्यात उत्सर्जनाचे तीन प्रकार येतात. कारखान्यात प्रत्यक्ष जाळलेल्या इंधनाचे ते पहिले, विकत घेतलेल्या विजेचे ते दुसरे. आणि कच्चा माल, वाहतूक, ग्राहकाकडील वापर व अखेरची विल्हेवाट यांचे ते तिसरे. अहवालाच्या मूळ नमुन्यात पहिल्या दोहोंचे आकडे आवश्यक होते, तिसऱ्याचे ऐच्छिक. गालिच्याचा नायलॉन नेमका या तिसऱ्या रकान्यात येतो.