पायाचे माप आणि आपली कोल्हापुरी

स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी इतिहासाचे लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. इतिहास म्हटला की गड, तह आणि लढाया आठवतात. मी पडलो रेल्वेतला डिप्लोमावाला, रूळ मोजणारा माणूस. तेव्हा विषयही मोजमापाचा आणि अगदी पायाखालचा घेतला आहे : पादत्राणे. म्हैसूरच्या मराठी माणसाला तो दुहेरी जवळचा, कारण कोल्हापुरी चप्पल जितकी महाराष्ट्राची, तितकीच कर्नाटकाची आहे.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते आठ जिल्ह्यांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. कागल तालुक्यातल्या कापशी गावाने ‘कापशी’ चपलेला नाव दिले, तर बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत घरोघरी ही कला आहे. राज्याची सीमा नंतर आखली गेली. चप्पल त्याआधीपासून दोन्हीकडे चालत होती.

कर्नाटकात या कामाचा मान बसवेश्वरांच्या काळाशी जोडतात. बाराव्या शतकातल्या कल्याण नगरीतले शरण हरळय्या चर्मकार होते. बसवण्णांनी आपल्या एका नमस्काराला दोन नमस्कारांनी उत्तर दिले, या ऋणापोटी त्यांनी व पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीच्या कातडीचे जोडे केले, अशी कथा आहे. बसवण्णांनी ते पायात न घालता मस्तकी धरले. पुढे हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरस यांची मुलगी यांच्या विवाहावरून बिज्जल राजाने दोघा व्याह्यांना देहदंड दिला, असे परंपरा सांगते. जोडे करणाऱ्याला समाजाने कुठे बसवले होते, हे यातून कळते. महाराष्ट्रातही चर्मकार गावगाड्यातला बलुतेदार. वर्षभर जोडे पुरवायचे आणि सुगीला धान्य घ्यायचे. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले, ते म्हणूनच मोलाचे.

त्या बलुतेदारीत अन्याय होता, पण मापाची एक गोष्ट बरोबर होती. जोडा शिवणाऱ्यासमोर प्रत्यक्ष पाय असे. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, जाड तळ, दोन्ही बाजूंचे कान, वर पट्टा आणि अंगठा. सुरुवातीला चप्पल कडक लागते, करकरते. मग हळूहळू तळ पायाचा ठसा घेतो. पुढचा भाग उघडा असल्याने रुंद चवडा दाबला जात नाही. अनवाणी वाढलेल्या पसरट पायांना ती मानवली, यात नवल नाही.

कारखान्यांनी हे उलटे केले. आधी लाकडाचा फर्मा, मग जोडा आणि शेवटी पाय. युरोप-अमेरिकेतसुद्धा डाव्या-उजव्या पायांचे वेगळे जोडे सर्रास मिळू लागले ते एकोणिसाव्या शतकात. आपण दुकानात ‘आठ नंबर द्या’ म्हणतो, त्या इंग्रजी नंबरची पायरी एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. मूळ हिशोब जवाच्या दाण्याचा! फ्रेंच नंबरची पायरी ६.६७ मिलिमीटर. पण दोन्ही नंबर सांगतात फक्त लांबी. रुळांमधले अंतर काही मिलिमीटरनी चुकले तर आमच्या खात्यात धावपळ उडते; पायाची रुंदी मात्र कोणी विचारीत नाही. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर असे तिन्ही मोजणारे साधन काढले, ते याच उणिवेपोटी.

आपल्या देशाने आपले पाय मोजले ते फार उशिरा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ ठिकाणच्या एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी केली. भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद, असा निष्कर्ष निघाला. नव्या मापपद्धतीला ‘भा’ हे नाव सुचवले गेले. आजवर आपण रुंदीसाठी एक नंबर मोठा जोडा घेत आलो. मग टाच निसटते आणि नाडी आवळावी लागते.

तेव्हा जोडा घेताना काय पाहावे? ओला पाय कोरड्या फरशीवर ठेवा. पूर्ण ठसा उमटला तर पाऊल सपाट. त्याला टाचेशी घट्ट आणि मधोमध न पिळवटणारा जोडा हवा. मधला भाग उमटलाच नाही तर कमान उंच. तिला मऊ गादी आणि वरून सैल होणारी नाडी हवी. रुंद पायाला पुढून चौकट जोडा घ्यावा. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी. चामडे रुंदीत थोडे सैलावते, लांबीत नाही. ‘वापरून होईल’ यावर लांबीच्या बाबतीत विसंबू नये. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र अंगठ्याची चप्पल टाळावी आणि मऊ, बंद जोडा वापरून रोज रात्री तळवे पाहावेत. खडीवरून चालणाऱ्या आमच्या ट्रॅकवरच्या सहकाऱ्यांना तर बंद, भक्कम बूटच हवेत.

जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या. महाराष्ट्रातून आक्षेप गेल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय कारागिरी असल्याचे कंपनीने मान्य केले. आपल्याला राग आला, तो रास्तच होता. पण आपणही चप्पल घेताना करणाऱ्याशी घासाघीस करतो आणि ब्रँडच्या बुटाला छापील किंमत मुकाट्याने देतो. गावी गेलात तर अथणीला किंवा कापशीला उतरा, पाय समोर ठेवून माप द्या आणि सांगितलेले मोल द्या. हरळय्यांच्या कसबाला आपण देऊ शकतो असा हा साधा मान आहे.