साकिन आणि हरकत : एका सरकारी वाक्याची कुळकथा

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात एखाद्या नियमाचा मसुदा प्रसिद्ध होतो किंवा एखाद्या शहराची प्रारूप विकास योजना लोकांपुढे ठेवली जाते, तेव्हा ठरावीक मुदतीत ‘हरकती व सूचना’ मागविणारे वाक्य तिच्यासोबत हमखास असते. कायदा किंवा धोरण पक्के होण्यापूर्वी लोकांचे म्हणणे मागविण्याची ही रीत इंग्रजी अमदानीतील कायद्यांतून आली, याबद्दल फारसे दुमत नाही. परंतु तिचे मराठी नाव विलायतेहून आलेले नाही, आणि त्या नावातील पहिल्या शब्दाचा माग काढीत गेल्यास वाट थेट अरबी व्याकरणात जाऊन पोहोचते.

अरबी लिपीत व्यंजनावर जबर, जेर, पेश ही जी ऱ्हस्व स्वरांची चिन्हे येतात, त्यांना ‘हरकत’ म्हणजे गती असे नाव आहे, आणि ज्या व्यंजनाला असा स्वर नाही ते ‘साकिन’ म्हणजे स्थिर मानले जाते. हाच ‘साकिन’ जुन्या मराठी दस्तांत ‘साकिन मौजे अमुक’ असा पावलोपावली भेटतो आणि तेथे त्याचा अर्थ होतो राहणारा, रहिवासी, म्हणजे एका जागी स्थिरावलेला माणूस. व्याकरणात जी जोडी परस्परविरोधी आहे, तीच जोडी मराठी दप्तरात एकीकडे रहिवासी आणि दुसरीकडे त्याच्या ताब्याला पोहोचणारा उपसर्ग अशी उतरली, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

हिंदी-उर्दूत ‘हरकत’ म्हणजे मुख्यतः हालचाल किंवा आगळीक, आणि गायकाने स्वराला दिलेला छोटासा हेलकावा हीही हरकतच. या शेवटच्या अर्थाने तो शब्द मराठी नाट्यसंगीताच्या रसिकांनाही परका नाही. मग मराठीतच त्याला अडथळा आणि आक्षेप हे अर्थ एवढे घट्ट का चिकटले? एक तर्क असा करता येतो की, हिंदीत ‘कोई हर्ज नहीं’ म्हणतात तेथे मराठी माणूस ‘काही हरकत नाही’ म्हणतो, त्या अर्थी अडचण या अर्थाचा ‘हरज’ आणि गती या अर्थाचा ‘हरकत’ हे दोन वेगळे शब्द बोलण्यात एकमेकांत मिसळले असावेत. हा तर्क सोयीचा आहे, पण पुरेसा नाही, कारण मराठीत हरकत ‘असते’ तशी ती ‘घेतलीही’ जाते, म्हणजे ती करणारा कोणी एक हवा आणि ज्यावर घ्यायची असा दुसऱ्याचा हक्कही हवा, तर ‘हरज’ हा केवळ होणारा खोळंबा असल्यामुळे त्याला ना कर्ता लागतो ना प्रतिपक्ष. त्यापेक्षा वतनपत्रांची आणि इनामपत्रांची भाषा अधिक बोलकी ठरते. दरसाल ताज्या सनदेचा उजूर म्हणजे सबब करू नये, मुजाहीम म्हणजे आडवे येणारे होऊ नये, अशा ताकिदी त्या कागदांत अंमलदारांना दिलेल्या असत. अशा वातावरणात साकिनाच्या ताब्याला हलविणारी प्रत्येक हालचाल ‘हरकत’ ठरली आणि हलविणे या अर्थातून अडविणे हा अर्थ निघाला, अशी संगती लावल्यास शब्द आणि व्यवहार दोन्ही नीट जुळतात.

या संगतीचा एक लाभ असा की, पुढे झालेली उलथापालथ तिच्यामुळे स्पष्ट दिसते. पूर्वी अंमलदाराने साकिनाला हरकत करू नये असा दंडक होता, आता अंमलदार स्वतःच साकिनाकडून हरकत मागवितो. जमिनीच्या फेरफाराची पद्धत या दोहोंच्या मधली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० नुसार तलाठी फेरफाराची नोंद चावडीवर लावतो, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते आणि कोणी हरकत घेतल्यास प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते. ‘हरकत’ हा शब्द ग्रामीण महाराष्ट्राने विधिमंडळाच्या नव्हे, तर चावडीच्या फलकावरून उचलला असणार.

कायद्याची वाट त्या मानाने सरळ आहे. ब्रिटनमध्ये १८९३ च्या कायद्याने नियम करण्यापूर्वी किमान ४० दिवसांची पूर्वसूचना आवश्यक केली, हिंदुस्थानात १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २३ ने ‘पूर्वप्रसिद्धी’ची, म्हणजे मसुदा आधी जाहीर करून आलेल्या हरकती व सूचना विचारात घेण्याची, रीत घालून दिली. पुढे १९४६ साली ब्रिटनने आपला तो कायदा रद्द केला आणि त्याच वर्षी अमेरिकेने तशीच पद्धत नव्या कायद्याने स्वीकारली. हिंदुस्थानातील कलम मात्र जागचे हलले नाही.

जमिनीच्या बाबतीत हक्क उशिरा आला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदल्याबद्दल दावा करता येत असे, पण संपादनालाच हरकत घेण्याची तरतूद नव्हती; ती कलम ५अ च्या रूपाने १९२३ च्या दुरुस्तीने आली. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह १९२१ मध्ये सुरू झाला, तेव्हा सेनापती बापट आणि मावळातील शेतकरी यांच्यापुढे हरकतीचा कागदी मार्गच नव्हता. दुरुस्तीमागे मुळशी होती असे सिद्ध करता येत नसले, तरी दोहोंचा काळ इतका लगत आहे की तसा संशय घेणे वावगे ठरणार नाही.

‘सूचना’ची कथा त्रोटक आहे. ‘सूचि’ म्हणजे सुई, आणि सुईसारखे टोक दाखविणे, टोचून लक्ष वेधणे हा तिचा मूळ भाव. मौज अशी की सरकार लोकांना देते तीही सूचना आणि लोक सरकारला पाठवितात तीही सूचनाच, त्यामुळे सूचना मागविणारी सूचना निघते आणि कोणाला ते खटकत नाही. हिंदीतील ‘आपत्ति एवं सुझाव’ मराठीला पेलले नसते, कारण येथे आपत्ती म्हणजे पूर किंवा भूकंप. हरकत टिकून राहिली त्याला हेही एक कारण असावे.

केंद्राने २०१४ मध्ये विधेयकांचे मसुदे किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवण्याचे धोरण ठरविले. मसुदा कोणत्या भाषेत ठेवायचा हा प्रश्न २०२० च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या मसुद्याने ऐरणीवर आणला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचा अनुवाद आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत करण्यास सांगितले, म्हणजे मराठीही त्यात आली, आणि ही बाब पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली.

‘मसुदा’ हा शब्दही अरबीच असून त्याचा अर्थ ‘काळा केलेला’, म्हणजे खाडाखोडीने काळवंडलेला कागद, असा होतो, तर पक्क्या प्रतीचे अरबी नाव ‘शुभ्र केलेली’ या अर्थाचे आहे. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होते. तो पक्का न होता मुदत सरत गेली आणि ३१ जुलै २०२४ रोजी सहावा मसुदा, पुन्हा ६० दिवसांत हरकती व सूचना मागवीत, प्रसिद्ध झाला.