रॅम कोणती घ्यायची? एका जुन्या प्रश्नाची गोष्ट

कोपरगावात कॉम्प्युटरवर बोलायचं ठरलं की व्याख्यानाआधीच चिठ्ठ्या येतात. आजच्या चिठ्ठ्यांत बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे: घरी नवीन मशीन असेम्बल करतोय, ओव्हरक्लॉक करायचं आहे, तर रॅम कोणत्या प्रकारची घ्यावी? आम्ही पडलो इतिहासाची माणसं, तेव्हा जरा मागून सुरुवात करतो.

हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा पडला तो मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. तिथे ‘टिफ्रॅक’ हा संगणक बांधला गेला आणि १९६० साली तो कामाला लागला. आराखडा प्रिन्स्टनच्या यंत्रावर बेतलेला. पण प्रिन्स्टनला स्मृती होती कॅथोड किरण नळ्यांची. विद्युतभाराचे ठिपके ठेवायचे आणि ते विरायच्या आत पुन्हा उमटवायचे. आपल्या मंडळींनी ती वाट सोडली आणि फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवलेली स्मृती घेतली. २०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर अवघे १० किलोबाइट! पण त्या कडीचा एक गुण बघा, लाइट गेली तरी तिच्यातलं चुंबकत्व टिकतं. भारनियमनाची वर्षं काढलेल्या माणसाला हे ऐकून हेवाच वाटेल. आपल्या आजच्या रॅममध्ये प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये असतो, आणि तो गळका असतो. सेकंदात अनेकदा त्याला पुन्हा भरावं लागतं. उष्णता वाढली की तो आणखी लवकर गळतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हे ओव्हरक्लॉक करणाऱ्यानं विसरू नये.

आता थेट १९९८. इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा गुणक ४.५ ला बांधून टाकलेला, बस ६६ मेगाहर्ट्झची. गुणक हलत नाही ना, मग लोकांनी बसच १०० वर नेली. साडेचार गुणिले शंभर, ४५०! स्वस्तातला प्रोसेसर महागाच्या पंगतीला जाऊन बसला. पण बस वाढली की रॅमही तिच्याबरोबर वाढते. जुनी ६६ ची काडी १०० वर टिकेल याची खात्री नाही. ‘पीसी-१००’ काडी लागायची. ओव्हरक्लॉकरची रॅम प्रोसेसरच्या घड्याळाला जुंपलेली असते, हा धडा तेव्हापासूनचा.

आणि मग आलं रॅम्बस प्रकरण. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत.

इंटेलनं ठरवलं की पुढची स्मृती आरडीरॅम. आपल्या तालुक्यात कोळपेवाडी आणि सहजानंदनगर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत, तेव्हा ऊसवाहतुकीचं उदाहरण घेऊ. जुनी एसडीरॅम म्हणजे रुंद रस्ता, आठ ट्रॅक्टर शेजारी-शेजारी, पण चाल सावकाश. आरडीरॅम म्हणजे दोनच ट्रॅक्टरांचा रस्ता, पण सुसाट. कागदावर हिशेब असा: पीसी-१३३ सेकंदाला साधारण १०६६ मेगाबाइट, आरडीरॅम १६००. मात्र पहिली गाडी गव्हाणीपर्यंत पोचायला उशीर लागायचा. शिवाय काड्या महाग, तापणाऱ्या, आणि रिकाम्या खाचेत सर्किट पूर्ण करायला एक नुसतीच बिनचिपची पट्टी बसवावी लागायची. रिकामी जागा भरायलाही पैसे!

आरडीरॅम महाग पडते म्हणून ८२० चिपसेटच्या काही बोर्डांवर मध्ये एक दुभाषा चिप घालून एसडीरॅम चालवायची सोय केली. तो दुभाषाच सदोष निघाला आणि मे २००० मध्ये इंटेलला बोर्ड बदलून द्यायची घोषणा करावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात पेंटियम ४ आला, तोही आरडीरॅम घेऊनच. काड्या जोडीनंच लावायच्या.

तिकडे एएमडीनं २००० सालच्या अखेरीस डीडीआर धरली. रस्ता तोच आठ ट्रॅक्टरांचा, फक्त घड्याळाच्या एका ठोक्यात दोन फेऱ्या. २१०० मेगाबाइट. पेंटियम ४ च्या जोडकाड्या ३२०० देत होत्या, म्हणजे निव्वळ आकड्यात त्या पुढेच होत्या. तरी हरल्या. का? डीडीआर सगळेच बनवत होते, दुसरी काडी घ्यायला गेलं की मिळत होती आणि खिशाला परवडत होती. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणायचे तर कोपरगावहून अख्खा दिवस मोडतो. तिथे जाऊन ‘जोडीची नाही’ ऐकायला कुणाला आवडेल? २००२ च्या सुरुवातीला इंटेलनंही पेंटियम ४ साठी डीडीआरचा चिपसेट बाजारात आणला.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, एथलॉन एक्सपी २५०० प्लस आला. बस १६६, गुणक ११. बस २०० केली की तो ३२०० प्लसच्या वेगानं पळायचा. ज्यानं आधीच डीडीआर-४०० घेतली होती त्याचं जमलं. ज्यानं थोडे पैसे वाचवून ३३३ घेतली तो बहुधा अडकला. आमच्या मते रॅमवर थोडा जास्त खर्च करणं शहाणपणाचं ठरलं असं ते अगदी स्वच्छ उदाहरण.

आता चिठ्ठीकडे येऊ. इंटेलच्या २०२१ च्या बाराव्या पिढीत डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्ही चालायच्या, मात्र बोर्ड एकाच प्रकारचा. तेव्हाची ४८०० ची नवी काडी चांगल्या ३६०० च्या डीडीआर-४ पुढे अनेक कामांत फारशी सरस नव्हती. २०२२ मध्ये एएमडीच्या एएम-५ बोर्डांनी तो पर्यायच काढून टाकला, फक्त डीडीआर-५. तेव्हा बोर्ड नवा घेणार असाल तर प्रकाराचा प्रश्न बहुतेक सुटलेलाच आहे. उरतो तो जोडीचा. रायझन ७००० ला दोन काड्यांवर अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६००. म्हणून आत्ता १६ ची एक आणि पुढच्या दिवाळीला दुसरी, असं करू नका. एकाच पाकिटातल्या दोन घ्या, साधारण ६०००च्या, आणि बोर्ड बनवणाऱ्याच्या यादीत त्या आहेत का ते बघा.

वेग वाढवला की मेमरीची चाचणी रात्रभर चालू द्या. मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. हां, मागून कुणीतरी इन्व्हर्टरबद्दल विचारतंय, बोला.